हुबळीची लाइन

आक्कांशी कुणी एकदम बोलायला लागलेलं त्यांना चालायचं नाही. आधी दाराशी उभं राहून विचारायचं, "लाइन रिकामी आहे का?" आतून "बोला" आलं तर बोलायचं. "एंगेज" आलं तर मुकाट्यानं जिना चढून आपल्या खोलीत जायचं. सकाळी दूधवाला फाटकातून हाक मारायचा तेव्हा त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "होल्ड करा!" आणि तोही बिचारा कॅन हातात धरून होल्ड करायचा. शेजारच्या काकू आणि मी एकाच वेळी बोलायला लागलो की त्यांचा हात वर जायचा. "एकेकीनं. क्रॉस कनेक्शन नको."

गल्लीतली पोरं त्यांना हॅलोबाई म्हणत. त्यांना कळलं तर वाईट वाटेल म्हणून माझा जीव उगाच खालीवर व्हायचा. एकदा भीत भीत सांगितलंच. तर म्हणाल्या, "म्हणू दे की. हॅलो म्हणजे काय शिवी हाय व्हय?"

आक्का माझ्या घरमालकीण. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी अजून त्याच वरच्या खोलीत राहते आणि खालच्या दाराला त्यांच्या पुतण्याचं कुलूप आहे. कामावरून आले की कुलपासमोर पाऊल अडतं. तोंडात प्रश्न येतो, आणि तो गिळून मी वर जाते.

आक्का सोलापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होत्या. हे काय असतं ते मला त्यांनीच समजावलं. पूर्वी परगावी फोन लावायचा तर आपला आपण लागत नसे. आपल्या गावच्या ऑपरेटरला सांगायचं, ती त्या गावच्या ऑपरेटरला गाठणार, आणि दोघी मिळून दोन माणसांची लाइन जोडून देणार. माणसं बोलायला लागली की या दोघी बाजूला. "दुसऱ्यांच्या बोलण्यासाठी आयुष्य घातलं," आक्का म्हणायच्या. "आपलं बोलायचं तेवढं राहिलं." हे त्या हसत म्हणायच्या. मीही हसायचे.

त्यांचे आवाज दोन होते. घरातला आवाज अस्सल सोलापूरचा, "कुटं उलथली हुतीस?", "लई शानी हायस की". पण फोन उचलला की पाठ ताठ, हनुवटी वर, आणि तोंडातून असं मराठी यायचं की रेडिओ लावलाय असं वाटावं. "नमस्कार. सोलापूरहून बोलते आहे. आपण जरा थांबता का?" रेशन दुकानदाराशीसुद्धा त्या असंच बोलायच्या. तो बापडा घाबरून साखर आल्याची खरी तारीख सांगून टाकायचा.

मी गडचिरोलीकडची. आरमोरीच्या पलीकडं आमचं गाव. आठवीनंतरची शाळा नदीपलीकडं होती आणि आईला घरात हात हवा होता, त्यामुळं शिक्षण तिथंच थांबलं. पुढं गावातल्या एका बाईच्या ओळखीनं सोलापूरला आले, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात. घरापासून इतक्या लांब की गाडी बदलताना प्रत्येक स्टेशनवर वाटायचं, इथूनच परत फिरावं. खोली बघायला आले तेव्हा आक्कांनी ना डिपॉझिटचं विचारलं, ना जातीचं. विचारलं एवढंच, "फोनवर हळू बोलतीस की वरडतीस?" मी म्हणाले, मला फोनवर बोलताच येत नाही. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी सांगितलं होतं की मला गिळता येत नाही.

खरंच येत नव्हतं. घरच्यांशी बोलायचे, पण अनोळखी माणूस असला की जीभ टाळूला चिकटायची. कारखान्याच्या ऑफिसात मालक नसताना फोन वाजला की मी ताग्यांच्या मागं जाऊन उभी राहायचे. आक्कांनी हे कळल्यावर कपाटावरून जुना काळा फोन काढला, वायर तुटलेला, जड, धोंड्यासारखा. तो माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन कानाला उलथणं लावून बसल्या.

"हॅलो."

"हॅलो," मी म्हणाले.

"कोन हॅलो? गाव सांग आदी. गाव सांगितल्याबिगर मानूस अधांतरी लटकतंय."

"सोलापूर."

"आता श्वास सोड. सोडून झाला की बोल. श्वास घेत घेत बोललीस तर समोरच्याला वाटतंय हिच्या घराला आग लागली."

असे कित्येक रविवार आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी बोललो. त्या कधी चिडलेल्या हेडमास्तर व्हायच्या, कधी अर्ध्या बाह्यांचे शर्ट मागून पूर्ण बाह्यांचे आले म्हणून रडकुंडीला आलेली शिपाईण. आज मी त्याच कारखान्यात मशीनवर नाही, फोनवर बसते. कुठकुठल्या गावच्या शाळा माझ्याकडं मापं सांगतात. आठवी शिकलेल्या बाईला असं काम कोण देतं? मालकांनी दिलं ते खरं, पण त्याआधी आक्कांनी मला आवाज दिला होता. हे त्यांना कधी सांगायला गेले तर म्हणायच्या, "तुजा तुलाच व्हता. फकस्त लाइन जोडली."

घरात नेट आलं ते पुण्याच्या पुतण्यामुळं. त्यानं जोडून घेतलं, पैसे तोच भरायचा, आणि आक्कांना एक मोठा फोनही पाठवला. माणूस येऊन डबा बसवून गेला. शोकेसवर, बाहुल्यांच्या शेजारी. भिंतीतून आलेली बारीक वायर त्यानं थोडी जास्तीची सैल ठेवली होती, तिचं मोठं वेटोळं खिळ्यावर लोंबत होतं. आक्कांना ते सोसेना. बोर्डावर लाइन जोडायच्या त्यांच्या दोऱ्या कशा ओळीत असायच्या! त्यांनी ती वायर साडीच्या निऱ्यांसारखी घड्या घालून घेतली, लाल दोऱ्यानं मध्ये करकचून बांधली, आणि शोकेसच्या मागं सारली. मला बोलावून दाखवलं. "बग. आता कसं नीटनेटकं."

नेट तेव्हापासून अडखळायला लागलं. पण तेव्हा आम्हाला दोघींनाही ते कुठं कळलं? कधी दोन-दोन तास सरळ चालायचं, कधी पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. आक्का डब्याला कान लावायच्या. मी बंद करून परत चालू करायचे, कारखान्यातल्या पोरींनी तसं सांगितलं होतं. कधी शोकेसवरच्या बाहुल्या हलवून बघायचे, कधी डबा खिडकीकडं वळवून ठेवायचे. आक्का म्हणायच्या, "दमलं असंल. घटकाभर सोड त्याला." मालिका बघायला अडखळतं नेटसुद्धा चाललं असतं. पण त्याच सुमारास हुबळी सापडली.

हुबळी म्हणजे गाव नव्हे. हुबळी म्हणजे हुबळीच्या एक्सचेंजमधली ऑपरेटर. ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारत. ही तिला हुबळी म्हणायची, ती हिला सोलापूर. बोर्डावर एकत्र उमेदीची सगळी वर्षं काढली आणि एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. दुपारी व्यापाऱ्यांचे फोन थंडावले की या दोघी आपसात बोलायच्या, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. हुबळीनं हिला जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, कडक कशी करायची ते सांगितलं, हिनं तिला शेंगाचटणीत लसूण कधी घालायचा ते. आक्कांची आई गेली त्या दिवशी भावाच्याही आधी हुबळीला कळलं. "ती हसली की असं वाटायचं," आक्का सांगायच्या, "पितळेच्या तांब्यात कुनीतरी हरभरे वतायलंय." मग स्वतः तसं हसून दाखवायच्या. मी ते हसू इतक्या वेळा ऐकलं की मलाही येतं.

पुढं लोकांना परगावी आपले आपण फोन लागायला लागले. ट्रंक बोर्ड बंद झाला. शेवटच्या दिवशी हुबळी म्हणाली, "सोलापूर, इन्नु मुख नोडे माताडोण." म्हणजे आता बोलू ते तोंड बघूनच. आक्कांनी हो म्हटलं. मग हुबळीची बदली झाली, इकडं वडील अंथरुणाला खिळले, पत्ता हरवला, गुडघे गेले. आणि इतक्या वर्षांनी, मी त्यांच्या मोठ्या फोनवर रिटायर्ड ऑपरेटर बायकांचा एक ग्रुप जोडून दिला, तिथं सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली कुणीतरी विचारलं होतं, "सोलापूर आहे का कुणी इथं?" विचारणारी हुबळीची भाची. हुबळी आता तिच्याकडं म्हैसूरला राहत होती.

आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत नुसत्या घरातून फिरत होत्या. आणि मी नंबर दाबायला लागले तर माझा हात धरला.

"असा न्हाय. तोंड बगून. वचन हाय."

"आक्का, आज नुसतं बोला ना. तोंड उद्या बघा."

"गप बस. इतकी वर्षं आवाजच ऐकला की. आता पयला हॅलो तोंडावर बगून म्हननार."

माझा स्वभावच असा आहे, काही चांगलं ठरलं की त्याचं मोडणं मला आधी दिसतं. हुबळीचं वय काय, तब्येत काय, सगळं डोक्यात फिरायला लागलं. मी म्हटलंसुद्धा. पण आक्का हट्टाला पेटल्या की त्यांच्यापुढं पुतण्याचंही चालत नसे, माझं काय. आणि तिकडं हुबळीही तसलीच. भाचीनं लिहिलं, "चिक्कम्मा बोलती है, वचन मतलब वचन." चिक्कम्मा म्हणजे मावशी.

घरातलं नेट त्या दिवशी मेलेलं होतं, म्हणून माझ्या फोनवरून गच्चीत प्रयत्न केला. आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यातच येते, तीही मेहेरबानी केल्यासारखी. खाली चारी बाजूंनी यंत्रमागांची खटखट. मी फोन लावून आक्कांच्या हातात दिला. चौकोन चौकोन होत चित्र उमटलं. आक्कांनी सवयीनं फोन कानाला लावला. मी ओरडले, "आक्का, कानाला नका, समोर धरा!" त्यांनी समोर धरला. तर पडद्यावर एक मोठा कान. कानात मोत्याची कुडी. पलीकडं हुबळीनंही फोन कानालाच लावला होता! आवाज तर येतच नव्हता. कान तसाच गोठला आणि फोन बंद पडला.

आक्का गच्चीच्या कठड्यावर बसल्या आणि हसू आवरेना त्यांना. डोळे पुसत म्हणाल्या, "कान बगितला गं हुबळीचा. याच कानात मी इतकी वर्षं बोलले." मग म्हणाल्या, "आता घरच्याच लाइनवरून. लाइन साफ झाल्याबिगर न्हाय."

म्हणजे आता सगळं त्या डब्यावर आलं. डबा नीट व्हायचा तर कंपनीकडं तक्रार करायला हवी. आणि तिथंच सगळं घोडं अडलं.

आक्कांनी तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. आधी रेकॉर्ड केलेली बाई बोलली, तिला त्यांनी "बोला, बोला" म्हटलं. मग खरी मुलगी आली.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"नमस्कार. सोलापूरहून बोलते आहे. आपण कोणत्या स्टेशनवरून?"

"मॅडम, ते आम्हाला सांगता येत नाही. आपली समस्या काय आहे?"

"समस्या अशी नाही. नेट जरा अडखळतं आहे. पण बाळ, तुझा घसा बसला आहे. ड्यूटी किती तासांची?"

ती हळूच म्हणाली, "लांब असते मॅडम."

"ज्येष्ठमधाचा तुकडा ठेव गालात. आम्ही ठेवायचो. जेवलीस का?"

"नाही अजून. मॅडम, तक्रार नोंदवू का? माणूस पाठवायला लागेल."

"नोंदवलीस तर तुला कुणी बोलणार तर नाही ना?"

"तसं नाही... पण फोनवरच मिटलं तर आमच्यासाठी बरं असतं."

"मग मिटलं म्हण. जा, जेवून घे."

थोड्या वेळानं फोनवर मेसेज आला, तुमची अडचण दूर झाली का, होय असल्यास एक दाबा. आक्कांनी एक दाबला.

मी कपाळाला हात लावला. "आक्का, अडचण कुठं दूर झाली?"

"तिची झाली की."

असं एकदा नाही, किती वेळा झालं. दर वेळी वेगळी मुलगी, दर वेळी आक्का तिचा घसा, तिची पाठ, तिची सुट्टी विचारणार, आणि तक्रार मिटवून टाकणार. एकीला तर शेंगाचटणी कुरिअरनं पाठवू का म्हणून विचारलं. त्या मुली त्यांच्याशी बोलताना शेवटी शेवटी हसायला लागत, हे मी ऐकलेलं आहे. आणि डबा तसाच.

मी एकदा वैतागून बोलले तेव्हा आक्कांनी सांगितलं. एका वादळात पोल पडले होते, इंदूरची लाइन तुटली होती. एका व्यापाऱ्याचा सौदा हुकला. त्यानं लेखी तक्रार केली, ऑपरेटरनं मुद्दाम फोन जोडला नाही म्हणून. साहेबांनी आक्कांना सगळ्या बोर्डासमोर उभं केलं. "लाइन तुटली पोलावर, आन् मेमो मला. त्या दिवशी ठरवलं, आपन कुन्या ऑपरेटरच्या नावानं तक्रार करायची न्हाय."

"आक्का, तक्रार नेटची आहे, तिची नाही."

"ऐकून तीच घेती ना गं?"

मी उठून डबा बंद करून परत चालू केला.

मधल्या काळात भाचीचे मेसेज येत राहिले. चिक्कम्मा रोज विचारते, सोलापूरची लाइन आली का. चिक्कम्मानं नवीन चष्मा केला. चिक्कम्मा सोलापूर दिसायला कशी असेल यावर पैज लावते. आणि मग एकदा, चिक्कम्माचा बीपी वाढलाय. तो मेसेज वाचून दाखवला तेव्हा आक्कांचं पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मी म्हटलं, "आता तक्रार मी लावते."

"लाव," त्या म्हणाल्या. "पन पोरीला टाकून बोलायचं न्हाय."

मी श्वास सोडला, गाव सांगितलं, नाव सांगितलं, आणि म्हणाले, "ताई, तुमची काही चूक नाही, पण माणूस पाठवल्याशिवाय मी ही तक्रार मिटवणार नाही." आक्का समोर बसून ऐकत होत्या, ओठ माझ्याबरोबर हलवत. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं बोललीस." नंतर तो एक दाबायचा मेसेज आला तेव्हा मी फोन ओढणीत लपवला. त्यांचा भरवसा नव्हता.

माणूस आला, पन्नाशीचा, खांद्यावर शिडी, सोलापुरी दख्खनी हिंदी बोलणारा. गल्लीतला खांब बघून झाला, गच्ची बघून झाली. मग शोकेस सरकवलं आणि मागं हात घालून ती लाल दोऱ्यानं बांधलेली वायर बाहेर काढली. तिच्याकडं तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"ये किसने बांध्या?"

"मी," आक्का अभिमानानं म्हणाल्या.

"आक्का, ये तार नै. ये काच है, काच. इसमें करंट नै जाता, उजाला जाता. तुमने उजाले को मोड के उसका गठुडा बांध डाला!"

"बोर्डावर आमी अशाच बांदायचो की."

"वो तांबा था आक्का. तांबा ऐक लेता. काच नै ऐकती."

त्यानं घड्या पडलेला तुकडा कापून टाकला, नवी वायर जोडली, सैल वेटोळं करून खिळ्यावर अडकवली. डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला. तो चहा पिऊन गेला. आक्का त्या कापलेल्या तुकड्याकडं बघत उभ्या होत्या. "म्हंजे हितंच व्हतं," त्या म्हणाल्या. "माज्याच हातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाऊन इरकली साडी नेसली, हिरवी, लाल काठांची, टोपपदराची. वेणीत अबोली. फोन कुठं ठेवायचा यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी डब्याला टेकवून शोकेसवरच उभा केला आणि समोर खुर्ची. आक्का खुर्चीत ताठ बसल्या. मी दाबलं.

चित्र लगेच आलं. इतकं स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा दिसत होती. आधी भाची. तिचे डोळे सुजलेले. ती हिंदीत भराभरा काही बोलली. तीन-चार दिवसांपूर्वी झटका आला, दवाखान्यातून काल घरी आणलं, तुम्हाला कळवायचं राहून गेलं, तिला सगळं समजतं, पण वाचा गेली. मग फोन फिरला आणि पडद्यावर एक म्हातारी बाई आली. रुंद चेहरा, नवा चष्मा, मोठं कुंकू. तोंड एका बाजूला ओघळलेलं. कानात ती मोत्याची कुडी.

आक्कांनी श्वास सोडला. त्यांच्या फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, "हुबळी, सोलापूर बोलते आहे."

म्हातारीचा ओठ हलला. घशातून काहीतरी निघालं, आवाज म्हणता येईल असं नाही. परत प्रयत्न केला. परत तेच.

आक्का पडद्याजवळ वाकून बघायला लागल्या. मग माझ्याकडं वळून अगदी हळू, घरातल्या आवाजात म्हणाल्या, "ही ती न्हाय गं."

"आक्का, तीच आहे."

"न्हाय. हुबळी अशी न्हाय. मी हिला वळखत न्हाय."

त्या ओळखणार कशा? त्यांच्यासाठी हुबळी म्हणजे आवाज. तेवढाच होता त्यांच्याकडं, आणि तेवढाच गेला होता. पडद्यावरच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एका हातानं स्वतःच्या तोंडाकडं दाखवत होती. मला वाटलं, आता नेट तुटावं. चक्र फिरावं, चित्र गोठावं, काहीही व्हावं. पण लाइन एकदाही अडखळली नाही.

शेवटी आक्काच बोलल्या. कन्नडमधून, मग मराठीतून. वायरीचं सांगितलं, काचेचं सांगितलं, गच्चीवर दिसलेल्या कानाचं सांगितलं. पलीकडची बाई ऐकत होती. कानाचं आलं तेव्हा तिचा खांदा हलला, हसल्यासारखा. आक्का एकदम थांबल्या. त्या हसण्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत असाव्यात. तो आला नाही.

"ठीवते," त्या म्हणाल्या, आणि फोन मला बंद करायला सांगितला. मग खुर्चीतच बसून राहिल्या, अबोली माळलेल्या. दुपारी मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "महिनाभर ती तितं बोलत व्हती. सादा फोन केला असता तरी ऐकली असती. तोंड बगायची हौस मला!"

"तिनंही हट्ट धरलाच होता ना आक्का."

"तिनं धरला म्हनून मी धरायचा? मोठी मी हुते." खरं तर कोण मोठं होतं, दोघींनाही माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी त्या साधा फोन लावायच्या, चित्राविना. भाची तो हुबळीच्या कानाला धरायची. आक्का बोलायच्या, मध्ये थांबायच्या, जणू पलीकडून उत्तर येतंय, आणि पुढं बोलायच्या. हुबळी पावसाळ्यात गेली. आक्का तरीही त्या वेळेला खुर्चीत बसायच्या.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मी त्यांना सांगत होते की आईसाठी मोठा फोन घ्यायचा विचार आहे. तिच्याकडं साधा आहे, बटणांचा. दिवाळीला घरी जाईन तेव्हा नेऊन देईन, मग रोज तिला बघता येईल.

"आज बोललीस तिच्याशी?"

"आज नाही. रविवारी बोलते, निवांत."

"आत्ता लाव."

"आक्का, ती आत्ता चुलीपाशी असेल, काही विशेष नाही तर घाबरेल ती."

"घाबरू दे. लाव म्हनते ना. आन् मोठ्यानं सोड, मलाबी ऐकू दे."

मी लावला. दोन रिंगा झाल्या, आणि आई घाबरतच म्हणाली, "का झालं वं बाई? बरी हायेस ना?"

"काही नाही झालं माय. असाच केला."

"असाच?" मग तिला विश्वास बसला आणि ती बोलायला लागली. शेळी व्याली, दोन पिल्लं दिली, एक पांढरंफट्ट. मोहाच्या झाडावरचं पोळं कुणी काढून नेलं. धान औंदा बरं दिसतंय. मी मध्ये मध्ये हं म्हणत होते. माझं लक्ष आक्कांकडं होतं. त्या डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत होत्या. आई पिल्लाला हाकलताना मध्येच हसली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आवाज चांगला हाय तुज्या आईचा," त्या म्हणाल्या.

माझ्या आईला आवाज आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.